सहाव्या भागाची वाट कशी पाहावी : विदर्भातल्या पोट्ट्यांसाठी मार्गदर्शन

‘द एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेचा सहावा भाग कधी येणार, असं पानठेल्यावर कुणी विचारलं तर खर्रा घोटणारासुद्धा मान वर करून बघत नाही, आणि बरोबर करतो. कधी येणार हे विचारायचं नसतं. येणार असं सांगितलं आहे ना? मग झालं. एवढंही ज्याला कळत नाही त्याने लाईन आहे तोवर मोबाईल चार्जिंगला लावून पुढचं नीट वाचून घ्यावं.

नवख्यांसाठी आधी वंशावळ. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली बेथेस्डा ही कंपनी. तिने १९९४ मध्ये या मालिकेतला पहिला गेम काढला, ‘अरीना’. मग १९९६ ला ‘डॅगरफॉल’, २००२ ला ‘मॉरोविंड’, २००६ ला ‘ऑब्लिव्हियन’ आणि ११ नोव्हेंबर २०११ ला ‘स्कायरिम’. मधे २०१४ चा एक ‘ऑनलाइन’ नावाचा आहे, पण तो मोजायचा नाही, तसं ठरलेलं आहे. जादू, तलवारी, राक्षस, पडके किल्ले, आणि बहुतेक वेळा सुरुवातीला नायक कैदी. स्कायरिममध्ये तर त्याचे हात बांधून, बंडीत बसवून, मुंडकं उडवायला घेऊन चाललेले असतात आणि तिथून गेम सुरू होतो. बंडीत हाडं खिळखिळी झालेल्या आपल्या पोट्ट्यांना त्यात फारसं नवल वाटलं नाही. रस्ता तेवढा आपल्याकडच्यापेक्षा बरा वाटला.

त्या वर्षी जन्मलेलं लेकरू आता दहावीच्या तोंडाशी आलं आहे. तरी घाबरायचं कारण नाही, कारण मधे जून २०१८ येऊन गेला. लॉस एंजेलिसच्या ई-थ्री या गेमांच्या मेळ्यात बेथेस्डाचे टॉड हॉवर्ड स्टेजवर आले. त्यांनी ‘फॉलआउट ७६’ दाखवला, ‘स्टारफील्ड’ येणार म्हणून सांगितलं आणि जाता जाता सहाव्या भागाची झलक दाखवली. ३६ सेकंद. वरून सरकणारा कॅमेरा, खाली खडकाळ डोंगर, मागे ढोल, आणि मग नाव. माणूस नाही, जनावर नाही, तारीख नाही.

इथे बाहेरगावचा माणूस चिडतो. तुम्ही चिडू नका. दगड दाखवून पुढच्या कार्यक्रमाला निघून गेलेले पाहुणे आपण पुष्कळ पाहिले आहेत. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला बसवली. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. पुढे तो हजारो कोटींत गेला, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, धरणात पाणी अडलं, आणि कालव्यांची कामं चालू आहेत. ‘चालू आहेत’ हे दोन शब्द वहीत लिहून ठेवा. वाट पाहणाऱ्याचं अर्धं आयुष्य त्यांच्यावर निघतं.

बेथेस्डाही फाईल व्यवस्थित हलवते आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कळवलं की पूर्वतयारी संपली, आता प्रत्यक्ष निर्मितीला सुरुवात झाली. म्हणजे कोनशिलेनंतर पाच वर्षांनी प्रशासकीय मान्यता. आपल्याकडच्या मानाने हा वेग डोळे दिपवणारा आहे. मार्च २०२४ ला मालिकेची तिशी साजरी करताना सांगितलं की कच्चा गेम आमची माणसं ऑफिसात खेळून बघत आहेत. म्हणजे पाणी सुटलं, पण अजून विश्रामगृहाच्या बागेपर्यंतच. आणि जून २०२३ मध्ये तर कमाल झाली. बेथेस्डाची मूळ कंपनी साडेसात अब्ज डॉलरला विकत घेणाऱ्या मायक्रोसॉफ्टचे फिल स्पेन्सर अमेरिकेच्या कोर्टात साक्षीला उभे राहिले आणि हा गेम यायला पाच वर्षांहून जास्त वेळ आहे असं सांगून मोकळे झाले. शपथेवर! कालव्याचं पाणी कधी येणार हे शपथेवर सांगणारा साहेब आपल्याकडे अजून जन्माला यायचा आहे.

घरच्यांना हे सगळं कसं समजवायचं, याची उगाच धास्ती घेऊ नका. शहरातल्या पोरांना फार कष्ट पडतात. आपल्याकडे बाप आधीच तयार असतो.

“काय पाहून रायला बे रोजचं त्या मोबाईलमंधी?”

“गेम येनार हाय, बाबा.”

“कवा?”

“थे नाई सांगतलं.”

“मंग येनार म्हून कोनं सांगतलं?”

“कंपनीच्या मानसानं. अठरा सालीच.”

“पेपरात आलतं?”

“आलतं.”

“मंग येते. आपल्या कॅनलचंबी पेपरातच आलतं.”

बाबांनी धीर दिला की टोमणा मारला, हे शोधत बसू नका. आमच्याकडच्या बुढ्यांचं ते त्यांच्या बायकांनाही कळत नाही.

आता वाट पाहणं म्हणजे नुसतं बसून राहणं असा गैरसमज असेल तर तो काढून टाका. त्याला अभ्यास लागतो. त्या ३६ सेकंदांतला प्रत्येक दगड तुम्हाला ओळखू आला पाहिजे. कुठला किनारा, कुठला डोंगर, तटबंदीसारखं दिसतं ते शहर की पडका वाडा, यावर जगभर लोकांनी रात्री घालवल्या आहेत. २०२० च्या अखेरच्या दिवशी कंपनीने एका नकाशाचा फोटो टाकला, त्यावर मेणबत्त्या ठेवलेल्या. लोकांनी मेणबत्ती कुठे टेकली आहे ते पाहून निकाल दिला : हॅमरफेल. कंपनीने अजून हो म्हटलेलं नाही, पण पानठेल्यावरची चर्चा कंपनीच्या होकारासाठी अडून राहत नाही. हॅमरफेल म्हणजे गेमच्या जगातला रेडगार्ड लोकांचा मुलूख. ऊन, धूळ, बोडके डोंगर, पाण्याची मारामार. म्हणजे मे महिन्यातलं चंद्रपूर. पैसे मोजून उन्हात फिरायची हौस पुण्या-मुंबईकडच्यांना असेल. आपल्याला तो गेम घरबसल्या, फुकट, फाल्गुनापासून चालू असतो. तरीही मत ठाम ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी बदलत राहा. ठाम मत बदलण्याइतकी करमणूक दुसऱ्या कशात नाही, हे विधानसभेचं हिवाळी अधिवेशन जवळून पाहिलेल्या जिल्ह्यांना सांगायला नको.

अभ्यासाला सर्वांत चांगली वेळ जागलीची. पंपाला लाईन रात्रीचीच असते, त्यामुळे ओलिताला तुम्हाला जायचंच आहे. रानडुकरं आणि रोही हाकलायला मचाणावर बसायचंच आहे. मग मोबाईलवर दगड मोठे करून बघायला काय हरकत आहे? फक्त ढोलाचा आवाज कमी ठेवा. शेजारच्या वावरातला माणूस विनाकारण बॅटरी घेऊन धावत येतो.

मधल्या काळात खेळायचं काय? स्कायरिम. तो खेळून झाला असेल तर विकत घ्यायचा. २०११ चा होताच. २०१६ मध्ये तोच ‘स्पेशल एडिशन’ म्हणून आला. २०१७ ला हातात धरायच्या निन्टेन्डो स्विचवर आला, त्याच नोव्हेंबरात डोळ्यांना डबा बांधून बघायचा व्हीआरचा आला. २०२१ ला दहा वर्षं झाली म्हणून ‘ॲनिव्हर्सरी एडिशन’. ज्या मेळ्यात सहाव्याचे दगड दाखवले त्याच मेळ्यात अलेक्सा नावाच्या बोलक्या डब्यावर तोंडाने खेळायचा स्कायरिमही जाहीर केला, आणि तो गंमत म्हणून नुसता सांगितलेला नव्हता, खरंच काढला. २०२३ मध्ये टॉड हॉवर्ड म्हणाले की स्कायरिमच्या सहा कोटींहून जास्त प्रती गेल्या. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. म्हणजे निम्म्याहून अधिक राज्याला प्रत्येकी एक. जुनाच माल इतका उठत असेल तर नवीन पेरणीची घाई कोण करेल? हा प्रश्न मनात आलाच तर दाबून टाका. तो व्यापाऱ्याच्या डोक्याने विचार करणाऱ्याचा प्रश्न आहे, भक्ताचा नाही.

पैसे खर्च करायला लाजू नका. २००६ मध्ये ऑब्लिव्हियनसाठी या कंपनीने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला वेगळं विकलं. जगभर लोक हसले, चिडले, आणि घेतलंही. आपल्याकडे पोळ्याला बैलाला झूल, बाशिंग, शिंगांना बेगड आणि वर्षाची उधारी हे सगळं करतोच ना? फरक एवढाच की आपला बैल दुसऱ्या दिवशी वखराला जुंपायला असतो. तो घोडा मात्र चिलखतासकट नुसता उभा राहतो.

एका वाईट संगतीपासून मात्र सावध करायला हवं. या मालिकेचे काही चाहते वाट पाहत नाहीत. मॉरोविंडमध्ये कंपनीने व्हार्डनफेल हे एकच बेट दिलं होतं, तर ‘टॅम्रिएल रीबिल्ट’ नावाची मंडळी दोन दशकांहून जास्त काळ बाजूचा सगळा मुलूख स्वतः, फुकट, गाव-गाव करून बांधत आहेत. दुसरे ‘स्कायब्लिव्हियन’वाले. त्यांनी जुना ऑब्लिव्हियन स्कायरिमच्या सांगाड्यात नव्याने उभा करायला घेतला, त्यालाही दहा वर्षांच्या वर झाली. झाड झाड, दगड दगड, सगळं श्रमदान. चाहत्यांनी गेमात घातलेल्या अशा भरीला मॉड म्हणतात. हे फार घातक आहे. गावाने पोत्यांत रेती भरून नाल्यावर वनराई बंधारा घातला की वरच्या साहेबाला वाटतं, यांचं भागतं आहे. मग कालव्याची मागणी कोणत्या तोंडाने करणार? शिवाय बंधारा घातलेल्या माणसाला पारावर बसून तक्रार करण्यात पूर्वीची चव येत नाही, हे मी जवळून पाहिलं आहे. कुणी तुम्हाला ‘अरे, मॉड शिक, तूच एखादी गुहा बनव’ म्हणालं तर वावरात काम आहे म्हणून सटका.

आणि आता एक अन्यायाची गोष्ट. कंपनीने ऑब्लिव्हियनची नवी, झळाळती आवृत्ती काढली. कोनशिला नाही, झलक दाखवून वर्षानुवर्षं थांबणं नाही. ज्या दिवशी जाहीर केली त्याच दिवशी विकायला ठेवली. वाट पाहणाऱ्यांना विश्वासात घेणं राहिलं दूर, त्यांना दाढी करायलाही वेळ दिला नाही. अनुभवी माणसं हतबल झाली. आलेल्या वस्तूचं करायचं काय, याची आमच्याकडे कुणाला सवयच नाही. (महागड्या आवृत्तीत घोड्याचं चिलखतही होतं. परंपरा जपली, एवढं समाधान.) तारीख होती २२ एप्रिल २०२५. गोसीखुर्दच्या कोनशिलेचीच तारीख, ३७ वर्षांनंतरची. त्या तारखेला काहीतरी पूर्ण झालं म्हणायचं.

ही आवृत्ती ठेवायला १२५ जीबी जागा लागते. मोबाईलच्या पॅकवर रोजचे दोन जीबी धरले आणि घरात बाकी कुणी रील बघितली नाही असं समजलं, तर उतरवून घ्यायला दोन महिने. पऱ्हाटी पेरताना सुरू करा, पोळ्यापर्यंत काहीतरी हाती लागेल. मधे डीपी जळाली तर दिवाळी. सहाव्या भागाला किती लागेल हे जाहीर नाही, पण कमी नक्कीच नसणार. म्हणून शहाण्याने आत्तापासून कॉम्प्युटरमधले लग्नांचे व्हिडिओ पुसायला घ्यावे. काकूंना सांगू नये.

गेममध्ये आपलं नाव यावं अशी इच्छा असणाऱ्यांची सोय झाली आहे. आता फार उशीर झाला, एवढंच. २०२५ च्या सुरुवातीला मेक-अ-विश या संस्थेच्या मदतीसाठी लिलाव झाला, सहाव्या भागात एक पात्र घडवायला मिळणार म्हणून. बोली ८५ हजार डॉलरच्या वर गेली. न बांधलेल्या गावात घर नोंदवायचा हा भाव. चांगल्या कामाला पैसे गेले, त्याबद्दल हसायचं काही नाही. पण आपल्याकडे एवढ्या रकमेत धुऱ्याच्या चारही भांडणांचा निकाल लागून वर ट्रॅक्टर येतो. फुकटात मान मिळाला तो शर्ली करी या अमेरिकन आजींना. यांचा जन्म १९३६ चा. त्या नातवंडांना हाक मारल्यासारखं बोलत स्कायरिम खेळून दाखवायच्या, आणि २०१९ मध्ये चाहत्यांच्या आग्रहावरून कंपनीने सांगितलं की आजी सहाव्या भागात पात्र म्हणून दिसतील. आजी म्हणजे वाट पाहणाऱ्यांतल्या सर्वांत ज्येष्ठ लाभार्थी. त्यांच्याकडून शिका.

शेवटचं काम तातडीचं आहे : वारसनोंद. तुमच्या वडिलांना कालव्याची वाट त्यांच्या वडिलांकडून मिळाली तशी ही वाटही खाली द्यावी लागणार. पण इथे एक कायदेशीर अडचण आहे. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातलं खातं दुसऱ्याच्या नावावर चढत नाही, मृत्युपत्र केलं तरी नाही. आपला तलाठी एवढा कडक असता तर निम्मा तालुका भूमिहीन झाला असता. तेव्हा नाव आणि पासवर्ड एका कागदावर लिहा आणि तो सातबाऱ्याच्या पिशवीत, पीकविम्याच्या पावत्यांच्या मागे ठेवा. पासवर्डमधलं मोठं अक्षर कोणतं, हे बाजूला मराठीत लिहा. शेवटी शून्य आहे की ओ आहे, तेही. नाहीतर गेम येईल आणि पोट्टं त्या शून्यावर अडकून बसेल, आणि मग सांगेल सगळ्यांना, की बुढ्याने नीट लिहिलं नाही म्हणून काम रखडलं.