येरळा पावसाअभावी आटत नाही

उन्हं तापली की एक मजकूर फोनवर फिरू लागतो. यंदा तो मला आधी भावकीच्या ग्रुपवर आला, मग शाळेच्या, मग सोसायटीच्या. वर कोरड्या पात्राचा फोटो आणि खाली साधारण असं: पूर्वी आपल्या नद्या बारा महिने वाहायच्या. आता पाऊस कमी झाला म्हणून त्या आटतात. पात्रं गाळानं भरलीत, ती खोल-रुंद केली की वर्षभर पाणी राहील. काठानं झाडं लावा. समुद्रात वाया जाणारं पाणी अडवा. पुढे पाठवा.

लिहिणाऱ्याला नदीची काळजी आहे, यात मला शंका नाही. पण असल्या मजकुरावर विसंबून गावं वर्गणी काढतात, पोकलेन लावतात आणि नदी उकरून ठेवतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो. मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातला, येरळा नदीकाठचा. उदाहरणं तिथलीच देईन.

"पूर्वी नद्या बारा महिने वाहायच्या." येरळा, माण, कऱ्हा, सीना या पठारावरच्या नद्या. यांना बर्फाचं पाणी नाही आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊसही नाही. चैत्र-वैशाखात वरची धार तुटायची, ती आजोबांच्या काळातही तुटायची. फरक आहे तो धार कधी तुटते यात, आणि तुटल्यावर खाली काय उरतं यात. माझ्या लहानपणी मे महिन्यात आई आम्हाला घेऊन पात्रात जायची. बसून हातानं वाळू उकरायची. कोपरभर खोल गेलं की वाळू गार लागायची, मग तळाशी गढूळ पाणी जमायचं. ते वाटीनं उपसून टाकायचं. तिसऱ्या खेपेला पाणी नितळ यायचं आणि ते तांब्यानं घागरीत, फडक्यातून गाळून. अर्ध्या तासात घागर भरली तरी झिरा तसाच भरलेला. म्हणजे नदी वर दिसत नव्हती, वाळूखालून चाललेली होती. आज त्याच जागी खडक उघडा पडलाय. वाळू ट्रकांनी गेली आणि झिरेही तिच्याबरोबर गेले.

"पाऊस कमी झाला म्हणून नद्या आटल्या." हा मुद्दा सगळ्यांना पटतो, कारण त्यात कुणाचाच दोष निघत नाही. पण नोंदी तसं सांगत नाहीत. हवामान खात्याच्या शंभर वर्षांच्या आकड्यांत मध्य महाराष्ट्राच्या पावसात मोठी, सरळ घट दिसत नाही. पावसाची तऱ्हा बदलली आहे, मोठे खंड पडतात, मग एकदम कोसळतो, हे खरं. पण खटाव-माण हा पर्जन्यछायेचा मुलूख पहिल्यापासूनच आहे. महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि माण तालुक्यातल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. पावसावरच सगळं ठरत असतं तर तीन हजार मिलिमीटर पडणाऱ्या कोकणात एप्रिल-मेमध्ये नदीनाले आटले नसते आणि वाड्यांवर टँकर गेले नसते. तिथे ते होतं, दरवर्षी होतं. घाटमाथ्यावरून समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर, उतार तीव्र, जांभ्यात मुरलेलं पाणीही लवकर निसटून जातं.

आपल्याकडचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मग डिसेंबरात नदीला पाणी कुठून येतं? ते येतं काठच्या जमिनीतून, पाझरानं. विहीर खणताना हे डोळ्यांनी दिसतं. वर हात-दोन हात काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे ठिसूळ खडक, मग काळा पाषाण. राज्याच्या ऐंशी टक्क्यांहून जास्त भागात हाच बेसॉल्ट पसरलेला आहे. पाषाणात पाणी राहत नाही. राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या फटींत. तेही थोडं: शंभर भाग मुरमातून विहिरीला मिळणारं पाणी दोन-तीन भाग. पाचशे मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला दहा टक्के जिरला, तर जमिनीत गेलं पन्नास मिलिमीटर. एवढ्यानं विहिरीची पातळी दोन-अडीच मीटर वर येते आणि आपल्याला वाटतं, भरपूर पाणी झालं. ही पातळी नदीच्या तळापेक्षा वर असेपर्यंत पाणी जमिनीतून नदीत झिरपतं आणि नदी वाहते. ती तळाच्या खाली गेली की उलटं होतं, नदीचंच पाणी काठच्या जमिनीत शिरतं. मजकुरात नसलेली गोष्ट ती हीच: नदी आणि विहीर ही दोन पाणी नाहीत. एकच पाणी आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी वाढल्या, मोटेच्या जागी विजेचे पंप आले, मग बोअर आले. मोटेला बैलांच्या दमाची मर्यादा होती. पंपाला ती नाही. आता उसाचा हिशेब बघा. वर्षाला त्याला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. पावसाचे पाचशे वजा केले तरी दीड हजार उरतात. पन्नास मिलिमीटर पाझराच्या मुलुखात एक हेक्टर ऊस तीस हेक्टर जमिनीत जिरलेलं पाणी पितो. मी स्वतः ऊस लावलेला माणूस आहे आणि का लावला हेही मला माहीत आहे: त्याला भाव बांधलेला, गाडी दारात येते, कांद्यासारखा तो रस्त्यावर ओतावा लागत नाही. पण नदी कुठे गेली याचं उत्तर या तीस हेक्टरांत आहे. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरी-बोअरवर बंधन आहे. आमच्याकडे दोनशे मीटरचं बोअर पाडायला रात्रीची गाडी येते आणि सकाळी गुलाल उधळला जातो.

"नदी खोल-रुंद करा." याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते, कारण दिसायला ते फार छान दिसतं. पहिल्या पावसात खड्डे भरतात, ड्रोननं फोटो निघतात. पण वाळू म्हणजे गाळ नव्हे. वाळू पाणी धरून ठेवते आणि उन्हापासून झाकते. ती काढून मोकळं पाणी ठेवलं तर आमच्या पठारावर वर्षाला दीड-दोन मीटर थर नुसता उन्हानं उडून जातो. शिवाय पात्र मुरमाच्या खाली पाषाणापर्यंत उकरलं की काठच्या विहिरींतलं पाणी त्या खड्ड्याकडे लवकर ओढलं जातं. वरच्या अंगाच्या विहिरी दिवाळीतच तळ दाखवतात आणि लोक म्हणतात, पाऊस कमी झाला.

नाले खोल करण्यासाठी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचा दाखला नेहमी दिला जातो. शिरपूर तालुक्यात तापीकाठी गाळाच्या मातीचे जाड थर आहेत. तिथे चिकणमातीचा थर फोडून खालच्या वाळूपर्यंत पाणी पोचवायचं असतं, त्यामागे भूशास्त्राचा विचार आहे. तोच खड्डा खटावच्या बेसॉल्टमध्ये काढला तर खाली पाणी घेणारं काहीच नाही.

येरळेवरच वेगळ्या वाटेचं उदाहरण आहे. खाली सांगली जिल्ह्यात बलवडी-तांदुळवाडीजवळ १९८० च्या दशकात लोकांनी बळीराजा धरण बांधलं. मुक्ती संघर्ष चळवळीनं वाळूउपशाविरुद्ध आवाज उठवला, मग पात्रातली थोडी वाळू गावानं स्वतः विकून त्या पैशातून बांधकाम उभं केलं. पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, माणसांवर ठरवला. भूमिहीनांनाही हक्क दिला. पोकलेन लावायच्या आधी गावानं तिथे जाऊन बघावं.

"काठानं झाडं लावा." लावावीत. काठ धरून राहतो, सावली होते. पण झाड पाणी बनवत नाही, पितं. दक्षिण आफ्रिकेत १९९५ पासून सरकारी कार्यक्रमातून पाइन, निलगिरी, वॅटल अशी बाहेरून आणलेली झाडं मुद्दाम तोडतात, ओढ्यांचं पाणी वाढावं म्हणून. नदीला झाडोऱ्याचा उपयोग होतो तो वरच्या डोंगरउतारावर, जिथे गवत आणि झुडपं माती धरतात आणि पाण्याला जिरायला वेळ देतात. आमच्या डोंगरांवर चराई बंदी पाळली तर त्याचा जितका उपयोग होईल तितका काठावरच्या हजार रोपांचा होणार नाही.

"समुद्रात वाया जाणारं पाणी." येरळेचं पाणी कृष्णेला मिळतं आणि पुढे कर्नाटकातल्या शेतांत जातं. वाया जाणारं यात काही नाही. उलट कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला सोडलं जातं, मुळशीसारख्या धरणांचंही तसंच; ज्यांना पाणी अडवायची चर्चा करायची त्यांनी ती तिथून सुरू करावी.

आता एक नवा व्हिडिओ फिरतोय, उन्हाळ्यात येरळा वाहतेय, नदी जिवंत झाली. ते पाणी उपसा योजनेचं असतं. टेंभू, ताकारी या योजना कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं विजेवर वर चढवतात. दुष्काळी गावांना त्याचा मोठा आधार झाला आणि तो मी कमी लेखणार नाही. पण पंप थांबले की धार थांबते. नदीनं स्वतः वाहणं वेगळं असतं.

ते ओळखायला यंत्र लागत नाही. दिवाळीच्या सुमारास गवंड्याकडची लेव्हलची नळी घ्या, पात्राच्या तळाची खूण विहिरीच्या काठावर आणा आणि तिथून दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजा. आमची विहीर पात्रापासून सत्तर-ऐंशी पावलांवर आहे. गेल्या दिवाळीत पाऊस सरासरीइतका होऊनही विहिरीतलं पाणी नदीच्या तळापेक्षा अकरा फूट खाली होतं.