अळीवाले काका

आमच्या सोसायटीत मला नावाने हाक मारणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही. वॉचमनपासून स्कूलबसची वाट बघणाऱ्या पोरांपर्यंत सगळ्यांसाठी मी 'अळीवाले काका'. हयातभर बँकेत खर्डेघाशी केली, शाखाधिकारी होऊन निवृत्त झालो, ते सगळं या पदवीपुढे फिकं पडलं.

वार्षिक सभेत एकमताने मंजूर होणारी गोष्ट म्हणजे चहा. त्यामुळे फुलपाखरू उद्यानाच्या ठरावाला एकाचाही विरोध झाला नाही, तेव्हा चेअरमनसाहेबही चपापले. खुलासा मागाहून झाला. बहुतेकांची समजूत अशी होती, की फुलपाखरं विकत आणून सोडतात.

पुढचं कार्पेट लॉन, ड्युरांटाचं कुंपण आणि फॉक्सटेल पाम यांना धक्का लावायचा नव्हता. आम्हाला मिळाली पाण्याच्या टाकीमागची, ओल्या कचऱ्याच्या खड्ड्याशेजारची जागा. रविवारी सकाळी सातला श्रमदान ठरलं. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. प्रत्यक्षात उगवलो मी, शाळेच्या प्रकल्पासाठी फोटो हवे असलेली आठवीतली एक मुलगी, आणि कुदळ कशी धरावी हे खुर्चीत बसून सांगणारे एक गृहस्थ. खुर्ची मात्र त्यांनी स्वतः उचलून आणली होती, हे नमूद करायला हवं.

लावलं काय, तर लिंबू, कढीपत्ता, बेल, कण्हेर, रुई. यादी बघून काकूवर्ग हिरमुसला. "अहो, फुलं कुठायत?" मी समजावलं, की फूल म्हणजे फुलपाखराची खानावळ, तिथे कुठलंही चालतं. बाळंतपणाला मात्र ती माहेरीच जाते, आणि प्रत्येकीचं माहेर ठरलेलं. लाइम बटरफ्लायचं लिंबू आणि बेल, कॉमन मॉर्मनचं कढीपत्ता, कॉमन क्रोचं कण्हेर, प्लेन टायगरचं रुई. अंड्यातून अळी निघते, पानं खाते, कोष करते आणि महिन्याभरात फुलपाखरू.

"म्हणजे अळ्या होणार?" दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं.

"त्यासाठीच तर लावलंय."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी कर्ज बुडवणाऱ्यांसाठी राखून ठेवत असे.

काकूंचा आणि कॉमन मॉर्मनचा वाद कढीपत्त्यावरून. दोघींनाही कोवळीच पानं लागतात. काकू पोह्याच्या दिवशी सकाळी येतात. फुलपाखरू ऊन चढल्यावर. ज्या डहाळीवर आदल्या दिवशी अंडं दिसलं, तीच नेमकी फोडणीला. एकदा काकूंनी पान उलटलं, तर त्यावर पक्ष्याने शिटल्यासारखं काहीतरी. त्यांनी झटकायला बोट लावलं आणि ते चालायला लागलं! लहानपणी या अळ्या शत्रूला चकवायला असंच सोंग घेतात. मोठ्या, हिरव्या झाल्या की डोक्यामागून लाल-नारिंगी शिंगं काढून असा काही वास सोडतात, की पक्षीही नाद सोडतात. काकूंनी नाद सोडला नाही. त्यांनी कमिटीकडे लेखी तक्रार केली.

कमिटीने औषध फवारायचं ठरवलं. मी सरकारी अस्त्र काढलं. "ब्लू मॉर्मन हे आपलं राज्य फुलपाखरू आहे. २०१५ साली घोषित झालंय. असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य! त्याची अळी लिंबावर असते. उद्या कोणी विचारलं, तर फवारणीच्या बिलावर सही कोणाची?"

लिंबावरची अळी ब्लू मॉर्मनचीच होती का, हे मला विचारू नका. त्या वयात लाइम, कॉमन मॉर्मन आणि ब्लू मॉर्मन, तिघांचीही पोरं शिटेसारखीच दिसतात. पण 'सही कोणाची' हा प्रश्न लागू पडतो, हा बँकेतला अनुभव. फवारणी बारगळली.

माणसांचं असं भागलं. देवांचं काय करणार?

गणपतीच्या एकवीस पत्रींमध्ये बेल आहे, कण्हेर आहे, रुईही आहे. म्हणजे आमच्या उद्यानातलं निम्मं सामान. त्यातून चतुर्थी येते भाद्रपदात, पावसाने पालवी फुटून अळ्या धष्टपुष्ट होतात तेव्हा. श्रावणी सोमवारांनी बेल अर्धा बोडका केलेला असतोच, उरलेला चतुर्थीला. ज्या श्रमदानाला कोणी फिरकलं नाही, त्या बागेत त्या पहाटे इतकी माणसं होती, की मला हजेरीपट ठेवावासा वाटला.

आणि शनिवार तर दर आठवड्याला. मारुतीला रुईच्या पानांची माळ लागते. प्लेन टायगरच्या अळीलाही रुई लागते. त्या विषारी चिकावर ती वाढते, म्हणून तर तिला आणि पुढे फुलपाखराला पक्षी शक्यतो तोंड लावत नाहीत. पक्षी घाबरतात, भक्त घाबरत नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी पिशव्या घेऊन हजर. मी एकांना काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दाखवली, तर म्हणाले, "असू द्या, तिला मी दुसऱ्या पानावर ठेवतो." आणि तेही पान तोडलं.

शेवटी तह केला. बागेतल्या रुईला कोणी हात लावायचा नाही. त्याबदल्यात मी शुक्रवारी मागच्या रिकाम्या प्लॉटवर जायचं, राडारोड्यात माजलेल्या रुईची पानं अळी-अंडं बघून तोडायची आणि घरोघरी पोचवायची. 'संवर्धन' असं याला मी बायकोसमोर म्हणतो. ती 'फुकटची डिलिव्हरी' म्हणते. चीक शर्टावर पडला की डाग जात नाही, हे तिने वेगळं सांगितलंय.

गिऱ्हाइकं वाढत चाललीत. शेजारच्या सोसायटीतूनही ऑर्डर येते. कोणाला अकरा पानं, कोणाला एकशे आठ. देठासकट, धुतलेली, एका मापाची. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यातच अडवलं. "अळीवाले, मागच्या शनिवारी माळेत दोन पानं कुरतडलेली निघाली. मारुतीला चालत नाहीत हो असली. तुम्ही असं करा, त्यावर जरा औषध मारत जा."