तीन अर्ज, पाच वर्षं, शून्य तिकिटं: मास्टर्सच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मास्टर्सच्या (अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल क्लबवर दर एप्रिलमध्ये होणाऱ्या गोल्फ स्पर्धेच्या) तिकिटांवरच्या लेखाखाली तुम्ही अटलांटाहून लिहिलेली प्रतिक्रिया सविस्तर उत्तर मागते, म्हणून इथे स्वतंत्रपणे लिहितोय. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गेली पाच वर्षं घरातल्या तिघांनी, म्हणजे तुम्ही, पत्नी आणि मुलाने, वेगवेगळे अर्ज भरले आणि एकदाही नंबर लागला नाही, त्यामुळे ही सोडत म्हणजे निव्वळ धूळफेक. सांगलीहून आईवडील येणार आहेत, त्यांना एकदा ऑगस्टा दाखवायचंय, आणि तिकिटं विकणाऱ्या साइटवर ती राजरोस मिळत असताना मी उगाच भीती घालतो. स्पर्धेआधीच्या सराव फेरीची मी केलेली शिफारस म्हणजे ‘वानखेडेवर मॅच असताना नेट प्रॅक्टिस बघायला पाठवणं’. आणि शेवटी, वेटिंग लिस्टमध्ये नाव घालून ठेवा असं मी लिहिलं होतं, प्रत्यक्षात अशी यादी घेतलीच जात नाही.

शेवटच्या मुद्द्यावर तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. ती ओळ चूक होती, मूळ लेखातून काढली आहे. स्पर्धेच्या चारही दिवसांचा जो बॅज असतो, तो क्लबच्या जुन्या यादीतल्या प्रेक्षकांनाच दरवर्षी मिळतो. त्या यादीत शिरण्यासाठीची वेटिंग लिस्ट 1972 मध्ये सुरू झाली, 1978 मध्ये बंद केली, 2000 मध्ये थोडे दिवस उघडली आणि भरताच पुन्हा बंद झाली. बॅजधारक वारला तर खातं फार तर हयात जोडीदाराच्या नावावर होतं, मुलांकडे येत नाही. तेव्हा तो रस्ता विसरा. तुमच्यामाझ्यासारख्यांना खुली आहे ती फक्त वर्षातून एकदा निघणारी एकेका दिवसाच्या तिकिटांची सोडत. सराव फेऱ्यांची तिकिटं 1995 पासून अशी निघतात, स्पर्धेच्या दिवसांची थोडी तिकिटं 2012 पासून.

आता तीन अर्जांचं. म्हाडाच्या सोडतीत एकाच घरातून चार फॉर्म भरणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत, तिथे कधीकधी ते खपतंही. ऑगस्टाला नाही. एका घराच्या पत्त्यावरून एकच अर्ज, हा नियम आहे आणि अर्जदार किमान 21 वर्षांचा हवा. एकाच पत्त्यावरून तीन अर्ज गेले तर नशीब तिप्पट होत नाही, उलट तिन्ही बाद व्हायची वेळ येते. थोडक्यात, गेली पाच वर्षं तुम्ही बहुधा सोडतीत नव्हताच. दुःखाची गोष्ट आहे, पण यातच आशाही आहे: हरलात म्हणता येण्यासाठी आधी खेळात असावं लागतं. मुलगा खरोखर दुसरीकडे राहत असेल, वीजबिल आणि लायसन्स त्या पत्त्यावर असेल, तर त्याचा अर्ज त्याचा. कॉलेजच्या सुट्टीत घरी येऊन तुमचाच पत्ता टाकत असेल, तर नको.

पुढचा अर्ज कसा भरायचा ते नीट सांगतो, कारण मूळ लेखात ‘सगळे दिवस निवडा’ असं सरसकट लिहिलं होतं आणि तुमच्या बाबतीत तो सल्ला घातक आहे.

अर्ज जूनच्या पहिल्या तारखेला उघडतो आणि साधारण 20 तारखेपर्यंत चालतो, पुढच्या एप्रिलच्या स्पर्धेसाठी. अर्जाला पैसे लागत नाहीत. पहिल्या दिवशी भरला काय आणि शेवटच्या दिवशी भरला काय, फरक पडत नाही, ही रांग नाही. सोमवार, मंगळवार, बुधवार या सराव फेऱ्या, गुरुवार ते रविवार स्पर्धा. सरावाच्या दिवसासाठी जास्तीत जास्त चार तिकिटं मागता येतात, स्पर्धेच्या दिवसासाठी फक्त दोन. दिवस हवे तितके निवडा, पण नंबर लागला तर एकाच दिवसाचा लागतो.

या शेवटच्या दोन वाक्यांचा हिशोब करा. तुम्ही दोघं आणि आईवडील, माणसं चार. तुम्ही हावरेपणाने सातही दिवसांवर खूण केलीत आणि शनिवार लागला, तर हातात दोन तिकिटं येणार आणि त्या वर्षीचा तुमचा कोटा संपला. मग दोघं आत आणि दोघं वॉशिंग्टन रोडवरच्या वॉफल हाऊसमध्ये. चौघांना एकत्र जायचं असेल तर फक्त सोमवार, मंगळवार, बुधवार निवडायचे, तिन्ही, आणि गुरुवार ते रविवार कोरे सोडायचे. फक्त आईवडिलांनाच पाठवायचं असेल किंवा तुम्ही दोघंच जाणार असाल, तर सातही दिवस निवडणं योग्य.

निकाल जुलैत ईमेलने येतो. लागला तर पैसे भरायची मुदत दिलेली असते, ती चुकली की तिकीट गेलं. खातं उघडताना कंपनीचा ईमेल देऊ नका, नोकरी बदलली की तो बंद होतो. जुलैभर स्पॅमचा फोल्डर रोज बघा. 2025 चे दर पाहिलेत तर सराव फेरीचं तिकीट शंभर डॉलर होतं, स्पर्धेच्या दिवसाचं 140. ‘धूळफेक’ म्हणताना हे लक्षात असू द्या. 2025 च्या रायडर कपला (अमेरिका विरुद्ध युरोप असा सांघिक सामना) न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजवर सामन्याच्या एका दिवसाला 749.51 डॉलर घेतले होते, आणि रायडर कप काही मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, नव्हे. ऑगस्टाला तिकीट मिळवणं अवघड आहे, परवडणं नाही.

तिकिटं विकणाऱ्या साइटबद्दल तुमचा राग सगळ्यात जास्त दिसला. साइटवर तिकिटं दिसतात हे खरं. पण दिसतं ते नेमकं काय? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जे ‘मंगळवार, 2 तिकिटं’ म्हणून लावलेलं असतं, ते पुष्कळदा विकणाऱ्याच्या हातात नसतंच. एप्रिलपर्यंत कुणाकडून तरी उचलू, या हिशोबावर हातात माल नसताना सौदा केलेला असतो. भाव पडले तर त्याचा फायदा, चढले तर तो ‘माफ करा, पैसे परत’ म्हणून मोकळा. पैसे परत मिळतीलही, पण तोवर आईवडील सांगलीहून अटलांटात उतरलेले असतात आणि हॉटेल रद्द करायची तारीख उलटून गेलेली असते.

खरं तिकीट मिळालं तरी अडचण संपत नाही. ते कुणाच्या खात्यावर निघालं याची नोंद क्लबकडे असते. क्लबबाहेरच्या कुणाकडून विकत घेतलेलं तिकीट क्लब ग्राह्य धरत नाही आणि ते विकणाऱ्याचं नाव यादीतून कायमचं काढतो. फाटकावर किंवा आत कुणी विचारलं, ‘हे कुठून मिळालं?’, तर तुमच्याकडे उत्तर नाही आणि दाद मागायला जागाही नाही. राहिला फाटकाबाहेर उभ्याने व्यवहार करण्याचा पर्याय. जॉर्जियाच्या कायद्यानुसार अशा मोठ्या मैदानापासून 2,700 फुटांच्या आत तिकीट पुन्हा विकता येत नाही. म्हणून रस्त्याच्या त्या टोकाला ‘तिकीट हवंय’ असा पुठ्ठा धरून लोक उभे दिसतात. ‘घेऊ नका’ म्हणण्यामागे नीतीचा डोस नाही. हजारो डॉलर घालून वर धास्ती विकत घ्यायची, हा व्यवहारच मला आतबट्ट्याचा वाटतो. पैशाची ददात नसेल तर क्लबनेच 2024 मध्ये मैदानाबाहेर सुरू केलेली ‘मॅप अँड फ्लॅग’ ही खानपानासकट व्यवस्था आहे. तिचे दर वाचताना बसून वाचा.

आता ‘नेट प्रॅक्टिस’. ही उपमा वाचायला मजेची आहे, पण ऑगस्टाला लागू पडत नाही. नेटमध्ये पिच दिसत नाही, मैदान दिसत नाही, स्टेडियम रिकामं असतं. इथे सोमवारी तेच मैदान, तेच ग्रीन (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेली हिरवळ), तेच खेळाडू, आणि प्रत्येक ग्रीनवर ते चार-चार चेंडू टाकून गुरुवारच्या खड्ड्याच्या जागा तपासतात. सोळाव्या होलवर (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी सोळाव्या) तळ्याच्या काठी प्रेक्षक ‘स्किप! स्किप!’ ओरडतात आणि खेळाडू मुद्दाम चेंडू पाण्यावरून भाकरी खेळवल्यासारखा टप्पे देत पलीकडच्या ग्रीनवर पाठवतो. लहानपणी विहिरीवर खापरी फेकून केलेला उद्योगच तो. विजय सिंगने 2009 मध्ये आणि जॉन राहमने 2020 मध्ये असा टप्प्याटप्प्याने गेलेला चेंडू थेट खड्ड्यात घातला होता. स्पर्धेच्या दिवशी हे कुणी करणार नाही. बुधवारी दुपारी छोट्या नऊ होलच्या मैदानावर पार-थ्री (तीन फटक्यांत संपवायच्या छोट्या होलची) स्पर्धा असते, खेळाडूंची चिमुरडी कॅडीच्या, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्याच्या, पांढऱ्या पोशाखात पळत असतात. आईवडिलांना गोल्फचे नियम ठाऊक नसतील तर रविवारच्या ताणापेक्षा हा दिवस त्यांना जास्त भावेल, असं मला वाटतं. शिवाय कॅमेरा फक्त सोमवार ते बुधवारच नेता येतो. सरावाचा एकच खरा तोटा: कोण किती वाजता खेळणार याचं बंधन नसतं. बहुतेक जण सकाळी निघतात, काही नऊ होलवर थांबतात, दुपारी मैदान विरळ होतं. सकाळी लवकर पोचलात तर तोटा जाणवणार नाही.

कॅमेरा म्हणजे खरा कॅमेरा, फोन नव्हे. फोनचा उल्लेख मूळ लेखात राहून गेला होता, तो आता घातला आहे. फोन, टॅब्लेट, लॅपटॉप आत पूर्ण बंद, सरावाच्या दिवशीसुद्धा. सापडला तर बाहेर काढतात, आणि ज्याच्या खात्यावर तिकीट निघालं त्याला पुढे तिकीट मिळत नाही. ‘बंद करून पिशवीत ठेवतो’ चालत नाही, गाडीतच ठेवा. आत फुकट फोन करता येतील असे टेलिफोन आहेत, पण नंबर पाठ हवा. आजकाल बायकोचा नंबरही कुणाला पाठ नसतो, म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी द्या. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा. क्लबहाऊसमागचा मोठा ओक सगळ्यांना सापडतो.

पिशवी 10 × 10 × 12 इंचांपेक्षा मोठी नको. घरचं खाणं नेता येत नाही, त्यामुळे आईंच्या दशम्या-चटणी गाडीतच. आतलं खाणं मात्र आश्चर्य वाटावं इतकं स्वस्त आहे: पिमेंटो चीज सँडविच दीड डॉलर. त्यात मांस नसतं, पण मेयोनेज असतं, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

खुर्च्यांची पद्धत वेगळीच आहे. सकाळी आत शिरून घडीची खुर्ची हव्या त्या ग्रीनजवळ ठेवायची, पाठीमागच्या कप्प्यात नावाची चिठ्ठी घालायची आणि दिवसभर कुठेही हिंडायचं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसंच. फरक इतकाच की तुम्ही नसताना त्या खुर्चीत कुणीही बसू शकतं आणि तुम्ही आलात की मुकाट उठतं. हातांच्या खुर्च्या आणि टोकदार पायांच्या खुर्च्या चालत नाहीत. खुर्ची ठेवायला पळत सुटू नका, आत पळायला मनाई आहे.

आईवडिलांच्या गुडघ्यांचा विचार करून जागा निवडा. टीव्हीवर ऑगस्टा सपाट दिसतं, प्रत्यक्षात क्लबहाऊसपासून आमेन कॉर्नरपर्यंत (अकरा ते तेरा या होलचा कोपरा) चांगला उतार आहे आणि परतताना तोच चढ. एकदाच खाली जायचं, बाराव्या होलच्या टीमागे, म्हणजे पहिला फटका मारतात त्या जागेमागे, बसायचं (तिथून अकरावं ग्रीन, पूर्ण बारावा होल आणि तेराव्याची सुरुवात एका जागेवरून दिसते), आणि सावकाश वर यायचं. नाहीतर पंधराव्या ग्रीनजवळच्या पायऱ्यांवर बैठक मारा, सोळावाही तिथूनच दिसतो.

अटलांटाहून आय-20 ने दोन-सव्वादोन तास, गाडी लावायला पैसे नाहीत. त्या आठवड्यात ऑगस्टातल्या हॉटेलचे दर बघण्यापेक्षा पहाटे निघून रात्री परत येणं सोपं. राहायचंच असेल तर जूनमध्येच, रद्द करता येईल असं आरक्षण करा, निकालाची वाट बघू नका. सांगलीकडच्या व्हिसाची तयारीही तेव्हाच सुरू करा, तिकिटाने व्हिसाला काही मदत होत नाही.

आणि नंबर नाहीच लागला तर? पीजीए चॅम्पियनशिप ही अमेरिकेतलीच दुसरी मेजर 2027 मध्ये टेक्सासमधल्या फ्रिस्कोला आहे, तिथे मराठी घर शोधायला फार लांब जावं लागणार नाही, आणि तिकिटात खाणं धरलेलं असतं. ब्रिटनमधली मेजर असलेल्या द ओपनची रीत ऑगस्टापेक्षा कितीतरी मोकळी: त्यांच्या ‘वन क्लब’ चं फुकट सदस्यत्व घ्यायचं, सोडतीत नाव टाकायचं, आणि नाही लागलं तर स्पर्धेआधी आयोजकांच्याच पुनर्विक्रीच्या खिडकीवर लक्ष ठेवायचं, तिथे तिकिटं छापील किमतीलाच मिळतात. मोठ्या माणसाबरोबर सोळा वर्षांखालची मुलं फुकट, फोनही चालतो, फक्त आवाज बंद. 2026 ची रॉयल बर्कडेलला, 2027 ची सेंट अँड्र्यूजला. सेंट अँड्र्यूजसाठी झुंबड जास्त असते, 2022 मध्ये तिथे जवळपास 2 लाख 90 हजार प्रेक्षक आले होते.

तुमच्या घरी तीन खाती आहेत. जूनमध्ये त्यांतलं एकच वापरा, ज्याचा पत्ता आणि नाव लायसन्सशी तंतोतंत जुळतं ते. बाकीच्या दोन खात्यांतून अर्ज करू नका.