कानातला खडा

मंगळवारी पहाटे मी उजव्या कुशीवर वळलो आणि माझ्यामागोमाग कपाटही वळलं. मग खिडकी, मग कॅलेंडर. पंखा तेवढा बंद होता, बाकी सगळं फिरत होतं. मी "भूकंप!" म्हणून ओरडलो. बायकोने एक डोळा उघडून उशाशी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी पाहिलं. ते ढिम्म. "झोपा," ती म्हणाली.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी माझी मान ४५ अंशांत वळवली आणि काही कळायच्या आत मला आडवं पाडून डोकं टेबलाखाली लोंबतं सोडलं. पुन्हा भूकंप. माझी बुबुळं नाचताना पाहून बाई खूश. "बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो!"

एवढ्या लांब नावाचं दुखणं माणसाला घेऊनच जातं, अशी माझी समजूत. पण बिनाइन म्हणजे निरुपद्रवी. उरलेल्या तीन शब्दांचा अर्थ, अचानक, डोकं हलवलं की, गरगरतं. हे तर मी आत शिरल्या शिरल्या सांगितलं होतं, तेही मराठीत.

मग प्लास्टिकचा कान आला. पडद्यापलीकडे तीन हाडं: हातोडा, ऐरण आणि रिकीब. त्यातली रिकीब म्हणजे शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, जेमतेम ३ मिलिमीटर. त्याही पलीकडे अडीच वेढ्यांचा शंख. लोहार आला, घोड्याचं सामान आलं, शंखही आला. लढाई तेवढी सुरू व्हायची होती. शंखाला चिकटून तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, तोल सांभाळायला. शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच जातीचे, बारीक कण असतात. ते सुटून नळीत गेले, की डोकं स्थिर असलं तरी मेंदूला वाटतं आपण फिरतोय.

"थोडक्यात, कानातले खडे हललेत."

लहानपणी आईने मला इतक्यांदा कानाला खडा लावायला लावला होता, की एखादा आत गेला असल्यास नवल नाही.

उपाय म्हणजे एप्ली मॅन्युव्हर. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ साली तो छापून प्रसिद्ध केला. गोळी नसते, इंजेक्शन नसतं. जत्रेत ते काचेखालचं छऱ्याचं खेळणं मिळायचं ना, हलवून हलवून छरा भोकात पाडायचं? तसं रुग्णाचं डोकं वापरायचं. या कुशीवर, त्या कुशीवर, मग उठून बसा. दुसऱ्या खेपेला छरा पडला. कपाट जागेवर थांबलं.

खरा ताप घरी. बायकोने शेजारच्या काकूंना "बीपीपीव्ही" म्हणून सांगितलं. काकूंनी पहिली दोन अक्षरं ऐकली आणि उरलेली या कानाने घेऊन त्या कानाने सोडली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीत मला बीपी झालं होतं. मी कानाचं चित्र काढून दाखवलं. काकू म्हणाल्या, "चिडू नका भाऊजी, चढेल."

त्याला आता तीन आठवडे झाले. काल काकूंकडून साबुदाण्याची खिचडी आली. अळणी.