कार्ल बीमने सोडलं तरी काय?

ओजिब्वे या उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी समाजाच्या चित्रांचा विषय निघाला की एक विधान हमखास फिरतं. जाड काळी रेघ, आत भडक रंग, प्राण्यांच्या पोटातलं आरपार दिसणारं, ही म्हणे त्यांची हजारो वर्षांची शैली. आणि फोटो, छपाई, प्लेक्सिग्लास (काचेसारखं प्लास्टिक) असलं काहीबाही एकत्र करणारा ओजिब्वे चित्रकार कार्ल बीम (१९४३–२००५) म्हणजे परंपरा सोडून पाश्चात्त्य झालेला.

आधी ती हजारो वर्षं बघू. ही शैली घडवली नॉर्व्हल मॉरिसो या ओजिब्वे चित्रकाराने. तिची मुळं भूर्जाच्या सालीवरच्या चिन्हांत आणि खडकांवरच्या चित्रांत आहेत, हे मान्य. पण टोरांटोत त्याचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं १९६२ साली, आणि पवित्र कथा अशा चारचौघांत मांडल्या म्हणून समाजातले काही जाणते त्याच्यावरच रागावले. आज जी परंपरा म्हणून मिरवते, ती तेव्हा आगळीक होती. बीमने व्हिक्टोरिया विद्यापीठातून कलेची पदवी घेतली १९७४ मध्ये. बारा वर्षांची परंपरा!

फोटो परका म्हणावा, तर आदिवासींवर कॅमेरा पिढ्यान्‌पिढ्या रोखलेलाच होता. बीमने त्याच्या मागची जागा घेतली. ‘द नॉर्थ अमेरिकन आइसबर्ग’ (१९८५) या बारा फुटांहून रुंद कृतीत अपाची आदिवासींचा लढवय्या नेता जेरोनिमो याचा जुना फोटो आहे, इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांची हत्या आहे, आणि पोलिसांच्या नोंदीत असतात तसे खुद्द बीमचे चेहरे. नावात टोला आहे: त्याच वर्षी टोरांटोत ‘द युरोपियन आइसबर्ग’ हे युरोपीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं.

राहिलं पाश्चात्त्य होणं. तो प्रयत्न बीमवर लहानपणीच झाला होता, कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या ‘स्पॅनिश’ नावाच्या गावी, आदिवासी मुलांची भाषा-संस्कृती पुसण्यासाठी चालवलेल्या निवासी शाळेत. मोठेपणी हाच माणूस न्यू मेक्सिकोकडच्या आदिवासी कुंभारकामाच्या नादी लागला, हातांनी भांडी घडवू लागला आणि आपल्या मूळच्या मॅनिटोलिन बेटावर परतून कच्च्या विटांचं घर बांधून राहिला. हे फिरत्या मजकुरात कधीच नसतं.

शेवटचा पुरावा म्हणून कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनाची खरेदी पुढे केली जाते. १९८६ मध्ये ‘आइसबर्ग’ तिथे गेलं. फर्स्ट नेशन्स (कॅनडातले आदिवासी समाज) चित्रकाराची, समकालीन कला म्हणून घेतलेली ती पहिली कृती. म्हणजे मुख्य प्रवाहाने त्याला आपलंसं केलं ना? बीमला तेव्हा बहुमान वाटला होता खरा. पुढे तोच म्हणाला, त्यांनी चित्र घेतलं ते कलावंत कार्लकडून नव्हे, ‘इंडियन’ म्हणजे आदिवासी कार्लकडून, आणि आपला राजकीय वापर झाला.