‘औषध दिले नाही, खाद्य गळ्यात मारले’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपला अभिप्राय वाचला. आजारी कोंबड्यांसाठी प्रतिजैविकाची पावडर मागूनही आम्ही दिली नाही, त्याऐवजी लेअर खाद्याची (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्याची) पिशवी, शिंपल्याचा चुरा आणि इलेक्ट्रोलाइटची (पाण्यात घालायच्या क्षारांची) पुडी गळ्यात मारली, खाद्याला वास येत होता, अंडी मऊ कवचाचीच राहिली आणि अखेर एक कोंबडी दगावली, अशी आपली तक्रार आहे. परसातली कोंबडी घरातलीच होऊन जाते, त्यामुळे ती गेल्याचे वाईट वाटणे साहजिक आहे आणि आम्हालाही ते वाचून वाईट वाटले. औषधाबाबतचा आमचा निर्णय मात्र पुढेही तोच राहील.

प्रतिजैविके नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. पूर्वी सर्रास मिळणाऱ्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर तर केंद्र सरकारने 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांपुरती बंदीच घातली आहे. शिवाय पिसे फुगवून कोपऱ्यात बसणे, खाणे सोडणे आणि हिरवट विष्ठा ही आपण लिहिलेली लक्षणे मानमोडी (राणीखेत) या रोगातही दिसतात आणि कोणत्याही कारणाने उपाशी राहिलेल्या पक्ष्यातही दिसतात, कारण पोटात अन्न नसले की विष्ठेत पित्ताचा हिरवा रंगच उतरतो. मानमोडी विषाणूमुळे होते, तिच्यावर प्रतिजैविक चालत नाही. अशा वेळी दुकानदाराने अंदाजाने पुडी देणे म्हणजे पैसे घेऊन नुकसान विकणे होय, आणि त्या औषधाचा अंश अंड्यावाटे आपल्याच ताटात येतो तो वेगळाच.

आता मऊ अंड्यांबद्दल. पिशवी पुरावी म्हणून खाद्यात निम्मा मक्याचा भरडा मिसळला आणि वर उरलेला भात घातला, असे आपणच लिहिले आहे. लेअर खाद्यात साधारण 16 ते 18 टक्के प्रथिने आणि 3.5 ते 4 टक्के कॅल्शियम असते, तर मक्यात प्रथिने आठ-नऊ टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम जवळजवळ नसतेच. कोंबडी दिवसाला सुमारे 110 ग्रॅम खाते असे धरले, तर निव्वळ लेअर खाद्यातून तिला चार ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते आणि निम्म्या मिश्रणातून जेमतेम दोन ग्रॅम. एका अंड्याच्या कवचातच सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते आणि खाल्लेल्यापैकी साधारण निम्मेच अंगी लागते. उरलेली तूट कोंबडी स्वतःच्या हाडांतून भरून काढते आणि तेही पुरेनासे झाले की कवच पातळ पडते. त्यात आजाराने खाणेच निम्म्यावर आले, तर खाद्य कितीही चांगले असले तरी त्याचा गुण कसा दिसणार? मऊ अंड्यांमागे एखादा आजारही असू शकतो, पण आधी हा हिशेब सुधारावा लागतो.

शिंपल्याचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात आणि संध्याकाळी ठेवावा, असे आम्ही सांगतो. कवच मुख्यतः रात्री तयार होते आणि अंड्यावरची कोंबडी आपल्या गरजेपुरता चुरा स्वतः टिपते. आजारामुळे अंडी बंद केलेल्या कोंबडीला मात्र जबरदस्तीने कॅल्शियमचे औषध पाजू नये, कारण त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. त्याच कारणाने अंड्यावर न आलेल्या तलंगांनाही लेअर खाद्य घालू नये.

आजारी कोंबडीला आधी पाणी आणि ऊब हवी, खाद्य त्यानंतर. तिला इतरांपासून वेगळे करून इलेक्ट्रोलाइटचे पाणी रोज ताजे द्यावे. ते चोचीत ओतू नये, कारण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या अगदी मागेच असते. चोच पाण्यात हलकेच बुडवली की ती आपणहून पिते. पाणी पिऊ लागली की लेअर मॅश (भरडलेले लेअर खाद्य) कोमट पाण्याने जेमतेम ओला करून, हवे तर उकडलेल्या अंड्याचा थोडा कुस्करा घालून, मूठभरच ठेवावा आणि उरलेला दोन तासांत काढून टाकावा, नाहीतर तो आंबतो. त्याआधी गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपून पाहावी. निरोगी कोंबडीची ही पिशवी रात्री भरलेली असते आणि सकाळी रिकामी. सकाळीही ती दगडासारखी टणक लागली, किंवा लिबलिबीत लागून चोचीला आंबूस वास आला, तर पुढचा घासही देऊ नये. हळद-लसणाबद्दल अनेक ग्राहक विचारतात. चिमूटभराने अपाय नाही, पण तेवढ्यावर विसंबून दवाखाना टाळला जातो, ही आमची खरी अडचण आहे.

वासाचा मुद्दा आम्ही गांभीर्याने घेतला आहे. खाद्यात सुकट असेल तर उग्र वास येणारच. मात्र वास कुबट असेल आणि खाद्याच्या गाठी झाल्या असतील, तर ती बुरशी असू शकते. बुरशीचे विष यकृतावर जाते आणि खाद्य उन्हात वाळवल्याने ते नाहीसे होत नाही, त्यामुळे तसे खाद्य एकाही पक्ष्याला घालू नये. उरलेली पिशवी शिवणीवरच्या लेबलासह दुकानात आणावी. आपल्यासमोर उत्पादनाची तारीख आणि खाद्य दोन्ही तपासू, आणि बुरशी आढळल्यास पूर्ण रक्कम परत करू. राहिलेल्या कोंबड्यांपैकी कोणी मान वाकडी करत असेल किंवा चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, तर आमच्याकडे न येता थेट सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे किंवा 1962 या क्रमांकावर फोन करावा. पुन्हा एखादी दगावल्यास ती न पुरता शवविच्छेदनासाठी तिथेच न्यावी, म्हणजे उरलेल्यांना नेमके काय द्यायचे ते ठरवता येईल.