गॅस कमी आहे मॅडम

आज डोकं फिरलंय त्यामुळं पोस्ट लांबणार. ज्यांची जेवणं राहिलीत त्यांनी आधी जेवून घ्या.

आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये काकू राहतात, एकट्याच, पेन्शनवर, मुलगा पुण्याला. होळी झाली नाही तोवर सांगलीत आग पडायला लागलीय म्हणून त्यांनी एसीची सर्व्हिसिंग बुक केली, ती ५९९ वाली. पोरगा आला, फिल्टर नळाखाली धरला, बाहेरच्या युनिटला गेज (गॅसचं प्रेशर दाखवणारं मीटर) लावला आणि ते ठरलेलं वाक्य टाकलं, "गॅस कमी आहे मॅडम." गॅसचे ३,२००, केमिकल वॉशचे (केमिकल मारून मशीन धुण्याचे) १,२००, ५९९ आहेतच, वर १८ टक्के जीएसटी. झाले ५,८९९. अर्ध्या तासात गडी गेलासुद्धा. संध्याकाळी काकू बिल घेऊन माझ्याकडं, "बघ गं जरा, एवढं असतंय काय?"

नसतंय काकू. पण काकूंना काय सांगू, पैसे तर गेले.

मला त्या वाक्याचा राग आहे कारण ते मी ऐकलंय. सासूबाईंच्या खोलीतल्या एसीच्या वेळी, भर मे महिन्यात. त्यांचं वय ८२, त्यात दमा, त्या खोलीत एसी म्हणजे चैन नव्हे हे तुम्हाला सांगायला नको. कंपनी वेगळी, सेंटर वेगळं, वाक्य तेच. भरला गॅस. महिना व्हायच्या आत परत गरम हवा. परत फोन, परत तोच माणूस, आणि आता म्हणतोय, "मॅडम कॉइल गेली, बदलायला लागंल, १४ हजार." कॉइल म्हणजे मशीनमधलं ते वेटोळ्या नळ्यांचं जाळं, ज्याच्यावरनं हवा गार होऊन येते. सासूबाई पलंगावरनं म्हणाल्या, "त्याला म्हणावं मलाच बदल त्यापेक्षा."

एक गोष्ट सगळ्यांनी डोक्यात पक्की बसवा. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो तांब्याच्या नळीत बंद असतो, आतल्या युनिटमधनं बाहेरच्यात आणि बाहेरच्यातनं आत नुसता फिरत राहतो. आपला फ्रिज त्याच तत्त्वावर चालतो, त्यात दर उन्हाळ्याला कोण गॅस भरतंय का? कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय, आणि गळती न शोधता वरनं भरला तर तो परत तिथनंच जाणार. हे त्या माणसाला माहीत नसतं? चांगलं माहीत असतं!

तर सासूबाईंच्या एसीचं पुढं काय झालं. नणंदेनं कुपवाडचा एक पोरगा पाठवला, आयटीआय केलेला, स्वतःचं काम करणारा. त्यानं गेज बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा काय मागितलं असेल तर वाटीभर साबणाचं पाणी. नळी मशीनला जिथं जोडतात तिथं पितळी नट असतो, त्याच्यावर ते फेसाचं पाणी लावलं, आणि बुडबुडे! चौदा हजाराची कॉइल ठणठणीत, नटापाशी तांब्याच्या नळीचं तोंड चिरलेलं. बसवतानाच जास्त आवळलं होतं म्हणे. त्यानं तेवढा तुकडा कापला, नवीन तोंड केलं, नायट्रोजन भरून प्रेशर टिकतंय का बघत बसला, मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढली, आणि मग काट्यावर बाटली ठेवून, हो, वजन करून, गॅस भरला. सकाळ गेली त्यात. पण त्यानंतर आजतागायत त्या मशीनमध्ये गॅस घालावा लागलेला नाही.

वजनाचं का सांगतेय, तर बाहेरच्या युनिटवर पट्टी असते, तिच्यावर कुठला गॅस आणि किती हे छापलेलं असतं. दीड टनाला साधारण किलोच्या आगंमागं. आता हे लोक वजनकाट्याशिवाय, नुसत्या गेजवर अंदाजानं भरतात. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर कमी-जास्त वेगानं फिरत असतो, बाहेर ऊन किती त्यावरही प्रेशर बदलतं, मग नुसता गेज बघून 'कमी आहे' कसं कळतं ह्यांना? काकूंच्या पोरानं ना साबण लावला, ना वजनकाटा काढला. मग नक्की किती कमी होता बाबा? अर्धा? पाव? का बिलात बसेल एवढा? आणि हल्लीच्या मशीनमधला तो आर-३२ थोडा का होईना पेट घेणारा गॅस आहे, त्याच्याशी असा अंदाजपंचे खेळ. हवेत गेला की कार्बन डायऑक्साइडच्या कैक पट उष्णता धरतो ते वेगळंच. म्हणजे घर गार करायला बाहेरचं अजून तापवायचं, आणि त्याचे पैसे आपणच द्यायचे.

हां, सर्व्हिसिंग नकोच असं मी म्हणत नाही. कॉइलला धूळ बसली की हवा जात नाही, मशीन जास्त चालतं, महावितरणचं बिल वाढतं, पाण्याची नळी तुंबली की भिंतीवरनं धार. मान्य. माझी मावसबहीण मार्केट यार्डाजवळ राहते, हळदीच्या सीझनमध्ये तिचा फिल्टर पिवळा निघतो. पण फिल्टर आपला आपण पंधरा दिवसांनी नळाखाली धुवून सावलीत वाळवायचा, त्याला कशाला माणूस पाहिजे? उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा जेट पंपानं आत-बाहेर नीट वेट सर्व्हिस, म्हणजे पाण्यानं धुणं, बास. केमिकल वॉश फार चिकटलं असेल तरच. काकू मार्च ते मे, तेही रात्रीच एसी लावतात, त्यांच्या कॉइलला कसलं केमिकल! आणि ते १८ वर लावून वर चादर घेणारे (आमच्या घरातही एक आहेत), त्यांनी २४ वर लावून बघा, २०२० पासून स्टार रेटिंगवाले नवे एसी २४ वरच सुरू होणारे यायला लागले ते काय उगाच नाही. एका डिग्रीला साधारण सहा टक्के वीज वाचते असं बीईई, म्हणजे वीजबचत बघणारी केंद्र सरकारची संस्था, सांगते.

ती १० वर्षांची वॉरंटी पण बघा एकदा नीट वाचून. कॉम्प्रेसरवर असते. कॉम्प्रेसर जातो कधीतरी. नेहमी जातं काय तर पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक बोर्ड), कपॅसिटर, फॅनची मोटर, आणि नटापाशी गळती. आणि कॉम्प्रेसर गेलाच तर तो फुकट, पण गॅस आणि मजुरी तुमची, असं बारीक अक्षरात असतं पुष्कळदा. एएमसीचं (वर्षाच्या देखभाल कराराचं) तेच, साधी घेतली तर पीसीबी आणि गॅस त्यात नसतोच. २०२५ च्या सप्टेंबरात एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांचा १८ झाला तेव्हा आमच्या सांगलीतल्या अर्ध्या विश्रामबागनं एसी घेतले, त्या सगळ्यांना पुढंमागं हे वाक्य ऐकायचंय म्हणून एवढं लिहितेय.

आता लिहिता लिहिता राग जरा उतरलाय, तर दुसरी बाजू. तो कुपवाडचा पोरगा आधी एका सेंटरलाच होता. तो सांगत होता, पगार जेमतेम, पेट्रोल स्वतःचं, आणि गॅसचं किंवा केमिकल स्प्रेचं बिल फाडलं तर त्यावर कमिशन. महिन्याला इतकी बिलं झालीच पाहिजेत. मग तो साबणाचं पाणी कशाला मागेल? वाटीभर पाण्यानं त्याचंच नुकसान. काकूंकडं आलेला पोरगाही विशीतलाच असेल, तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर भर दुपारी, कमरेला पट्टा नाही, एक हात ग्रीलला, एका हातात पाना. मी असते तर मीपण... नाही, मी नसतं केलं. पण त्याच्यावर ओरडायचंही मन होईना. त्याच्यावरच्यांवर मात्र होतंय, ते एसीत बसून टार्गेट लावतात.

आणि आपलं पण बघा ना. वेट सर्व्हिसचे कुणी ८०० सांगितले की आपण "काय राव, पाचशेत करा की" म्हणून भांडतो, आणि गॅसचे ३,२०० मुकाट्यानं देतो. गॅस म्हणजे वस्तू, दोन तास उन्हात राबणं म्हणजे काहीच नाही. त्या पोरानं सासूबाईंच्या वेळी गॅससकट ३,५०० घेतले. मी मोजून दिले, सासूबाईंनी वर ताक दिलं आणि लग्न झालंय का विचारलं.

सांगली-मिरजेत वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप घेऊन येणारा कुणी माहीत असेल तर कमेंटमध्ये टाका, लोकांच्या उपयोगी पडेल. आमच्या त्या पोराचा नंबर मागू नका, मार्च लागला की तो माझाच फोन उचलत नाही.